सुरीच्या शेवया

बुधवारी दुपारी दीड वाजता मी सोयूनसमोरचं ताट उचललं तेव्हा वरण गार होऊन त्यावर साय धरली होती. भाताचं एक शीत हललं नव्हतं. ती टेबलाशी ताठ बसली होती, दोन्ही हात मांडीवर, नजर ताटाच्या कडेवर. ताट उचलल्यावर तिने मान लववली, जसं काही तिचं पोटभर जेवण झालं होतं.

“पोट दुखतंय का?” मी विचारलं.

“नाही, बाई.”

“तिखट लागतं?”

“नाही. छान आहे.”

“न खाताच छान?”

यावर तिने माझ्याकडे पाहिलं आणि रोज म्हणायची तेच म्हणाली, “बाई, तुम्ही जेवा.”

“मी नंतर जेवेन गं. आधी तू.”

तिने पुन्हा मान खाली घातली. आठ दिवस आमचं हे असंच चाललं होतं.

ही गोष्ट चौदा वर्षांपूर्वीच्या मे महिन्यातली, शिरूरची. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त होऊन मला दोन वर्षं झाली होती. तळमजल्यावर मी एकटी राहायचे आणि संध्याकाळी हॉलमध्ये सतरंजी घालून आसपासच्या मुलांना शिकवायचे. वरच्या मजल्यावर हान कुटुंब राहायला आलं होतं. हानसाहेब रांजणगावच्या एका कारखान्यात नवीन यंत्रं बसवायला कोरियाहून आलेले इंजिनिअर. सोयून त्यांची मुलगी, नऊ वर्षांची. आधी ती जिन्यात बसून आमचे पाढे ऐकायची. मग दारात उभी राहायला लागली, मग सतरंजीच्या टोकाला येऊन बसली. पाच महिन्यांत तिला बारापर्यंत पाढे आणि रोजच्यापुरतं मराठी यायला लागलं.

एप्रिल संपताना तिच्या आईला पुण्याच्या हॉस्पिटलात ठेवावं लागलं. सातवा महिना होता आणि काहीतरी अडचण निघाली होती. बाळंत होईपर्यंत पलंगावरून उठायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. हानसाहेब सकाळी साडेसहाला कारखान्यात जात आणि रात्री आठला येत. एक दिवसाआड तिथूनच पुण्याला. इथे त्यांचं कुणी नातेवाईक नव्हतं. सफरचंदांची पेटी घेऊन ते माझ्या दारात उभे राहिले, कमरेत वाकले, आणि त्यांचं वाक्य पुरं होण्याआधी मी हो म्हणून टाकलं. एका वर्गात साठ-साठ पोरं सांभाळलेली बाई मी. एका मुलीचं काय ते.

आणि ती एक मुलगी माझ्याकडे जेवत नव्हती.

अगदीच उपाशी होती असं नाही. सकाळी मी चहा घ्यायचे तेव्हा तीही दूध प्यायची. चहाबरोबर मी एक मारी बिस्कीट खाते, तीही एक खायची. दुसरं पुढे केलं तर घ्यायची नाही. दुपारी आणि संध्याकाळी मी हाताने भरवायला गेले तर दोन घास कसेबसे घ्यायची आणि मग ओठ घट्ट मिटायची. वरणभात झाला, खिचडी झाली, साजूक तुपातला शिरा झाला, अंडी उकडून झाली. ताट समोर आलं की ती हात जोडल्यासारखे करून तिच्या भाषेत काहीतरी पुटपुटायची. आपल्याकडे मुलं श्लोक म्हणतात तसंच काही असावं, असं मी धरून चालले. ते म्हणून झालं की हात मांडीवर आणि सगळं बंद.

मी तिच्या शेजारी उभी राहायचे, पळी घेऊन. ही माझी चौतीस वर्षांची सवय. डब्याच्या सुट्टीत शेवटच्या पोराचा शेवटचा घास पोटात गेल्याशिवाय मी माझा डबा उघडलेला नाही. पोरांच्या आधी आपण खायचं हे मला कधी जमलंच नाही.

समोर पिठाची गिरणी चालवणारी बेबी गायकवाड ही माझीच जुनी विद्यार्थिनी, तेव्हा चाळिशीची. ती दुपारी डोकावायची आणि पोरीकडे बघून हळहळायची.

“बाई, वाळली की ओ पोरगी. तुम्ही रागावता का काय तिला?”

“मी कशाला रागावू?”

“न्हाय, तुम्ही नुसत्या डोक्यावर उभ्या राहिल्या तरी आमचा घास अडकायचा. मी तर तुमच्या भीतीनं आख्खं वांगं गिळलेलं एकदा.”

मी तिला म्हटलं, वांगं गिळलंस म्हणून आज गिरणीची पोती उचलतेस. ती हसत गेली. मला हसू आलं नाही.

त्याच बुधवारी संध्याकाळी हानसाहेब लवकर आले. सोयूनला घ्यायला आले होते, पण आत येऊन बसले. त्यांचं इंग्रजी आणि माझं इंग्रजी एकाच यत्तेतलं, त्यामुळे आमचं एकमेकांना चांगलं समजायचं. त्यांनी सकाळी मुलीचं वजन केलं होतं. पंधरा दिवसांत दोन किलो उतरलं होतं. बायकोला त्यांनी काही सांगितलं नव्हतं, पण फोनवर मुलीचा आवाज ऐकूनच तिला कळलं होतं आणि ती हॉस्पिटलात पडल्या पडल्या रडत होती. डॉक्टरांनी तर ताण नको म्हणून बजावलेलं. तेव्हा त्यांनी ठरवलं होतं. कारखान्यातला एक सहकारी रविवारी मुंबईहून विमानाने घरी निघाला होता. त्याच्याबरोबर सोयूनला कोरियात मावशीकडे पाठवायचं. बाळ होऊन सगळं स्थिर झालं की मग बघू. म्हणजे चार-पाच महिने तरी.

मी त्यांना म्हटलं, मला रविवारपर्यंत वेळ द्या.

ते आपल्या मोज्यांकडे बघत राहिले. मग म्हणाले, “शनिवारी संध्याकाळी सहा वाजता येतो. जेवायला लागली असेल तर राहील.”

सोयून दारात बुटाचे बंद बांधत होती. तिला इंग्रजी किती कळलं कुणास ठाऊक, पण बापाचा आवाज कळला. ती तशीच, एका पायात बूट घालून माझ्याजवळ आली.

“बाई, मी जाणार नाही. आई इथे आहे.”

“मग जेवशील?”

“हो.”

“नक्की?”

“हो, बाई. नक्की.”

मुलं खोटं बोलतात तेव्हा कुठे बघतात हे मला पाठ आहे. ती खोटं बोलत नव्हती.

मग दोष माझ्या स्वयंपाकाचा, असं मी ठरवलं. मी पाटी-पेन्सिल तिच्या हातात दिली आणि विचारलं, आईच्या हातचं तुला काय आवडतं ते काढून दाखव. तिने एक वाडगा काढला. त्यात नागमोडी रेघा, वर वाफ, आणि शेजारी एक सुरी. हानसाहेबांनी पाटीकडे पाहिलं आणि पहिल्यांदा त्यांचा चेहरा सैल झाला. म्हणाले, “कालगुक्सू.” काल म्हणजे सुरी, गुक्सू म्हणजे शेवया. हाताने मळून, लाटून, सुरीने कापलेल्या शेवया, गरम रश्श्यात. कशा करतात, हे मी विचारलं, तर म्हणाले की मला फक्त खाता येतात. पण बायकोला फोन करून विचारतो.

गुरुवारी सकाळी त्यांनी माझ्या हातात एक कागद ठेवला. कारखान्याच्या कोऱ्या तक्त्यावर, यंत्र जोडायच्या सूचना असतात तसं लिहिलेलं. पीठ तीनशे ग्रॅम. घट्ट मळणे. अर्धा तास विश्रांती. जाडी दोन मिलिमीटर, रुंदी तीन मिलिमीटर. रश्श्यात पाच मिनिटे. शेवटची सूचना अधोरेखित होती: वाढल्यावर ताबडतोब खाणे.

मी तो कागद ओट्यावरच्या फडताळाला चिकटवला आणि कामाला लागले.

पहिल्यांदा मी कणीकच घेतली, घरात तीच होती. मळली, लाटली, आणि हात आपोआप शंकरपाळ्याच्या कातण्याकडे गेला. रश्श्यात सोडल्यावर जे झालं ते म्हणजे आमच्या चकोल्याच. त्यातून मी सवयीने वरून मोहरी-हिंगाची फोडणीही दिली होती. वाडगा सोयूनसमोर ठेवला. तिने आत पाहिलं, वास घेतला, आणि फार सभ्यपणे दोन्ही तर्जन्या एकमेकींपासून लांब नेल्या. लांब, बाई. लांब हव्यात. ती पुटपुटली, हात मांडीवर ठेवले, मला “जेवा” म्हणाली आणि बसून राहिली. मी म्हटलं, असू दे, चुकलंय ते मलाही दिसतंय.

बेबी म्हणाली की कणकेचं हे काम नाही, मैदा पाहिजे, आणि मैदा गिरणीत मिळत नाही, वाण्याकडे मिळतो. आणलाही तिनेच. संध्याकाळी पुन्हा मळलं. यावेळी मोठी पोळी लाटली. पोळपाट पुरेना म्हणून ओट्यावरच लाटली. मग अळूवडीचा उंडा करतो तशी घट्ट गुंडाळी केली आणि सुरीने कापत गेले. कापताना छान दिसत होतं. उलगडायला गेले तर एकही उलगडेना. थरावर थर चिकटून बसले होते. पाण्यात टाकल्यावर त्याचे गोळे झाले. सोयून ओट्याशी टाचा उंचावून बघत होती. तिचा हात एकदा सुरीकडे गेला आणि परत मागे आला, ते मी पाहिलं.

त्या रात्री मी पाय गरम पाण्यात घालून बसले आणि तो कागद पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचला. तिसरीच्या वर्गात एक मुलगी होती, तिला हातचा घेऊन बेरीज येत नव्हती. सात महिने येत नव्हती. आठव्या महिन्यात आली. माझ्याकडे आठ महिने नव्हते, दोन दिवस होते. पण पद्धत तीच ठेवायची असं मी ठरवलं. रोज एकच चूक काढायची.

शुक्रवारी सोयूनला मी शिक्षिका केलं. तिला स्टुलावर उभं केलं, हातात लाटणं दिलं आणि म्हटलं, आज तू बाई आणि मी मुलगी. ती आधी लाजली. मग तिने पोळीवर सढळ हाताने मैदा भुरभुरला आणि गुंडाळी न करता, धुतलेल्या ओढणीची घडी घालावी तशी सैल घडी घातली. एकावर एक चार पदर, मध्ये पुन्हा मैदा. मी शाळेतली सहा इंची पट्टी आणून लावली आणि तीन-तीन मिलिमीटरवर खुणा करत कापलं. ती हसली. पट्टी बाजूला सारून तिने माझ्या बोटांची पेरं दुमडून दाखवली, सुरीला अशी टेकवायची. कापून झाल्यावर दोन्ही हातांनी उचलून झटकल्या आणि शेवया सुटून लोंबल्या. पांढऱ्या, लांबच लांब. बेबी दारातून म्हणाली, “बाई, ह्या तर वाळत घालाव्या अशा झाल्या.”

रश्श्यासाठी मी बाजारातून सुकी मांदेली आणली होती. कोरडी भाजून, पाण्यात उकळून, गाळून घेतली. त्यात लसूण, दुधीचे काप, बटाटा, आणि वरून त्यांच्या घरातल्या काळ्या सोया सॉसचे दोन चमचे. वास इतका चांगला सुटला की मला स्वतःला भूक लागली. वाडगा भरून सोयूनसमोर ठेवला. तिने डोळे मिटून वाफ घेतली. पुटपुटली. मग माझ्याकडे पाहिलं.

“बाई, तुम्ही जेवा.”

“तू सुरू कर. थंड होईल.”

तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग वाडग्याकडे. एकदा तिने तिच्या जेवायच्या स्टीलच्या काड्यांना बोट लावलं, आणि चटका बसल्यासारखं मागे घेतलं. मी शेजारी उभी राहिले. दहा मिनिटं गेली, वीस गेली. त्या शेवया वाडग्यातलं पाणी पीत गेल्या आणि फुगत गेल्या, शेवटी रस्सा उरलाच नाही. वाडगाभर पांढरा लगदा. मी तो उचलला तेव्हा तिने पहिल्यांदा मान लववली नाही. तिने टेबलावर कपाळ टेकलं.

मी काय निष्कर्ष काढला असेल? की शेवया फुगतात म्हणजे मैदा वाईट आहे. बेबीला दुसऱ्या दुकानात पाठवलं. पीठ आणखी घट्ट मळलं. संध्याकाळी पुन्हा केल्या, आणखी बारीक कापल्या. पुन्हा फुगल्या. हानसाहेब आले आणि ओट्यावरची भांडी बघून मुलीला वर घेऊन गेले.

शनिवार उजाडला. शनिवार मी लग्नाआधीपासून धरते. सकाळी नुसता चहा, मग संध्याकाळी दिवा लावल्यावर जेवण. मी चहा घेतला. सोयूनने दूध घेतलं. बिस्किटाचा पुडा तिच्यापुढे केला तर तिने मान हलवली. म्हटलं, आज बिस्कीटही नको? तर नाही.

मी पीठ मळलं आणि ओल्या फडक्याखाली झाकून ठेवलं. यावेळी अर्धा तास नाही, दीड तास. मधल्या वेळात वरून तिची बॅग आणली, कारण हानसाहेबांनी तसं सांगितलं होतं. तिचे फ्रॉक घड्या घालून भरले. ती पलंगाच्या कोपऱ्यावर बसून मी काय भरते ते बघत होती. एक फ्रॉक भरला की ती तो काढून पलंगावर ठेवायची. मी पुन्हा भरला की ती पुन्हा काढायची. रडत नव्हती, चिडत नव्हती. असं चारदा झाल्यावर मी बॅग तशीच ठेवली आणि म्हटलं, चल, लाटायला घेऊ.

एक वाजता शेवया तयार झाल्या. उन्हाने घर तापलेलं, गॅसची धग, पोटात सकाळच्या चहाशिवाय काही नाही. मी वाडगा भरत होते आणि डोळ्यांपुढे काळं आलं. ओट्याची कड धरून उभी राहिले. सोयूनने ते पाहिलं. ती स्टुलावरून उतरली, हॉलमध्ये गेली आणि माझी शिकवणीची प्लॅस्टिकची खुर्ची ओढत आणून टेबलाशी ठेवली. आपल्या खुर्चीच्या अगदी समोर.

“बाई, बसा.”

मी बसले. ती परत आत गेली. फडताळातून दुसरा वाडगा काढला, त्यात पातेल्यातल्या शेवया घातल्या, रस्सा ओतला, दोन्ही हातांनी धरून तो माझ्यापुढे ठेवला. उजव्या बाजूला चमचा ठेवला, सरळ. मग आपला वाडगा घेऊन जागेवर जाऊन बसली. हात मांडीवर.

“बाई, तुम्ही जेवा.”

“मला आज उपवास आहे ना, बाळ. आज मी जेवत नाही.”

तिने ऐकलं. तिला उपवास हा शब्द माहीत होता, गेल्या शनिवारी मीच समजावला होता. ती माझ्याकडे बघत राहिली. तिच्या हनुवटीला खळी पडली आणि मग ती एकेक शब्द वेगळा करून बोलली, मी फळ्यावर मुलांना वाचायला लावते तशी.

“तुम्ही नाही, तर मी नाही.”

मला वाटलं, हट्ट आहे. किंवा माझी कीव आली असेल पोरीला. भिंतीवरच्या घड्याळात सव्वा वाजला होता. वाडग्यातल्या शेवया हळूहळू जाड व्हायला लागल्या होत्या. आत मासळीचा रस्सा, आणि आज शनिवार. चाळीस वर्षांत मी शनिवारी अंड्याला हात लावलेला नाही. मी मारुतीची मनातल्या मनात माफी मागितली, चमचा उचलला आणि एक घास तोंडात घातला.

तो गिळायच्या आत समोरून सुर्रकन आवाज आला.

तिने काड्यांनी शेवयांचा झुबका उचलून तोंडात ओढला होता. लांब शेवया, हनुवटीवर रस्सा, आणि ती चावत होती. पुन्हा सुर्र. पुन्हा. जेवताना आवाज करणाऱ्या मुलांना मी आयुष्यभर दटावत आले, पण त्या आवाजापुढे मी हलूसुद्धा शकले नाही. मग भानावर आले आणि मनात आलं, जमलं. मैदा बदलला म्हणून जमलं. तिला आणखी वाढावं म्हणून मी चमचा ठेवला आणि उठले.

तिने काड्या ठेवल्या.

तोंडातला घासही चावायची थांबली. गाल फुगलेला, डोळे माझ्यावर. मी खाली बसले. चमचा हातात घेतला. ती चावायला लागली. मी एक घास घेतला, तिने एक घेतला. मी चमचा वाडग्याच्या कडेला टेकवला, तिच्या काड्या थांबल्या. मी उचलला, तिने उचलल्या. शिक्षकाची खोड वाईट, मी तिसऱ्यांदाही करून पाहिलं. तिसऱ्यांदाही तेच.

मग मला ते एक बिस्कीट आठवलं. एकच, कारण मी एकच खात होते. आणि आज एकही नाही, कारण आज मी खाल्लं नव्हतं.

दहा दिवस ती माझी वाट बघत होती आणि मी तिची. दोघीही शिस्तीच्या. शेजारी उभी राहून, पळी हातात धरून, मीच तिला उपाशी ठेवत होते.

माझे डोळे भरून आले आणि मला पदर शोधावासा वाटला, पण थांबले तर तीही थांबणार. म्हणून मी तशीच खात राहिले. नाक वाहत होतं, शेवया चमच्यातून निसटत होत्या. मी मासळीच्या रश्श्यातल्या लांब शेवया शनिवारी भर दुपारी वाडगाभर संपवल्या, आणि माझ्यासमोर एका मुलीने एक वाडगा, मग दुसरा, मग तिसऱ्याचा निम्मा संपवला. तेवढ्यासाठी मला स्वतःच्या वाडग्यात दोनदा वाढून घ्यावं लागलं.

सहा वाजता हानसाहेब आले. हातात विमानाच्या तिकिटाचा कागद होता. सोयून सतरंजीवर झोपली होती, पोट वर-खाली होत होतं. मी त्यांना रिकामं पातेलं दाखवलं आणि माझ्या यत्तेच्या इंग्रजीत काय झालं ते सांगितलं. ते ऐकता ऐकता उंबऱ्याशीच खाली बसले. मग मुलीला हलवून उठवलं आणि तिच्या भाषेत काहीतरी विचारलं. ती बोलायला लागली आणि बोलता बोलता रडायला लागली. इतक्या दिवसांत मी तिला रडताना पहिल्यांदा पाहिलं. बराच वेळ बोलली ती.

त्यांनी मला जे सांगितलं ते असं. त्यांच्या गावी, त्यांच्या आईच्या घरात, सगळ्यांत मोठं माणूस चमचा उचलत नाही तोवर मुलं उचलत नाहीत. इथे ते स्वतः कारखान्याच्या कँटीनमध्ये जेवत आणि मुलीबरोबर कधी बसतच नसत, त्यामुळे त्यांच्या डोक्यात हे आलंच नाही. हॉस्पिटलात जाताना तिच्या आईने सोयूनला जवळ घेऊन बजावलं होतं, आता तू बाईंच्या घरी राहशील, त्या वयाने मोठ्या आहेत, त्यांच्या आधी चमचा उचलायचा नाही. नीट वागलीस तर बाळ नीट येईल.

“ती म्हणते,” हानसाहेब थांबले आणि त्यांनी पुन्हा सुरुवात केली. “ती म्हणते, एकदा तिला फार भूक लागली. काड्यांना हात लावला. मग बाळाला काही होईल अशी भीती वाटली.”

त्यांनी तिकिटाचा कागद घडी घालून खिशात ठेवला आणि त्या सहकाऱ्याला फोन लावला.

पुढचे पाच आठवडे आम्ही दोघी समोरासमोर बसून जेवलो, तिन्ही वेळा. तिचं वजन अडीच किलोंनी वाढलं आणि माझं चार. बेबी म्हणायची, बाई, उन्हाळ्यात लोकं सुकतात, तुम्ही फुगायला लागलात. जूनच्या मध्यावर सोयूनला भाऊ झाला, धडधाकट. पण ते सगळं पुढचं.

त्या शनिवारी दिवेलागणीला मी उरलेलं पीठ पुन्हा लाटलं. हानसाहेबांना म्हटलं, आज इथेच जेवा. ते संकोचाने नको नको म्हणत टेबलाशी आले. सोयूनने तीन वाडगे भरले, माझा आधी. मी देवापुढे दिवा लावून आले तेव्हा दोघंही आपापल्या जागी बसले होते. ती नऊ वर्षांची पोर आणि तो शंभर माणसांवर हुकूम चालवणारा इंजिनिअर, दोघांचेही हात मांडीवर, पाठी ताठ, वाफ तोंडावर येतेय तरी कुणी हलत नाही. दोघांनी एकदमच माझ्याकडे पाहिलं.

मी खुर्ची पुढे ओढली, बसले, आणि चमचा उचलला.